पाण्याआधी निरोप

नदीत उतरणाऱ्या माणसाशी नदी पूर्वी बोलत असे. वरच्या अंगाला आभाळ काळं झालं, निवळ पाण्याला मातकट रंग चढला, काटक्या, पाचोळा आणि फेसाचे पुंजके वाहत येऊ लागले की भोई जाळं गुंडाळून काठावर येई. दूरवरून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला तर गुरं धुणारा पोरगासुद्धा गुरांना हाकारत वर काढी. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. ती बापाकडून मुलाकडे येई, आणि ती शिकायला उशीर झाला तर नदी शिक्षाही देई. पण निरोप न देता ती सहसा येत नसे.

विसाव्या शतकात जगातल्या हजारो नद्यांच्या बाबतीत हे बदललं. नद्यांवर धरणं झाली, धरणांच्या पोटात वीजघरं झाली आणि नदीचं पाणी वाढण्या-उतरण्याचा पावसाशी असलेला संबंध पुष्कळ ठिकाणी तुटला. आता एप्रिलच्या रणरणत्या दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, स्वच्छ काचेसारखं पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत चढू शकतं. ना गढूळपणा, ना गडगडाट. कारण ते पाणी डोंगरात पडलेल्या पावसाचं नसतं. शेकडो किलोमीटरवरच्या शहरात विजेची मागणी वाढलेली असते आणि कुणीतरी एक यंत्र सुरू केलेलं असतं.

धरण आणि दुर्घटना हे शब्द एकत्र आले की मराठी माणसाला १२ जुलै १९६१ आठवतो. त्या दिवशी पानशेत फुटलं आणि पुणं वाहून गेलं. पण आज बोलायचं आहे ते फुटलेल्या धरणाविषयी नाही. धड उभ्या असलेल्या, नियमाप्रमाणे चाललेल्या धरणाखाली नदीत उभ्या राहिलेल्या माणसाविषयी बोलायचं आहे. तिथं मासे धरणारे आहेत, आंघोळीला उतरलेले यात्रेकरू आहेत, फोटो काढणारी मुलं आहेत. या माणसांपर्यंत पाण्याच्या आधी निरोप कसा पोहोचवायचा, याचा इतिहास फार जुना नाही. आणि त्यातलं बरंचसं शहाणपण कुणाच्या ना कुणाच्या मृत्यूनंतर आलेलं आहे.

आधी थोडं यंत्राविषयी. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अजूनही खर्चाचं आणि अवघड काम आहे. जेव्हा लागते तेव्हाच ती तयार करावी लागते. कोळशाचं वीजघर थंड असेल तर ते पुरतं चालू व्हायला तास न् तास लागतात. जलविद्युत केंद्राचं तसं नाही. झडप उघडली, पाणी टर्बाइनवर पडलं की काही मिनिटांत वीज तारांत जाते. म्हणून संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात तेव्हा किंवा उन्हाळ्याच्या दुपारी वातानुकूलन यंत्रं घरघरू लागतात तेव्हा जलविद्युत केंद्रांना हाक दिली जाते. मागणी उतरली की ती थांबवली जातात. या चालू-बंदला नदीही बांधली जाते. धरणाखाली दिवसातून एकदा किंवा दोनदा भरती-ओहोटी येते. समुद्राच्या भरतीला निदान तिथी असते, पंचांग असतं. या भरतीचं पंचांग वीजघराच्या नियंत्रण कक्षात असतं.

अशा पाण्यात हौसेनं उभं राहून मासे धरण्याची चाल अमेरिकेत वाढली, आणि तिचा उगम मोठा गमतीशीर आहे. १९३३ साली, महामंदीच्या काळात, तिथं टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली. आपल्याकडचं १९४८ चं दामोदर खोरे महामंडळ याच संस्थेच्या धर्तीवर उभं राहिलं. या ऑथॉरिटीनं बांधलेलं पहिलं धरण म्हणजे क्लिंच नदीवरचं नॉरिस धरण. ते १९३६ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर अमेरिकेच्या लष्करी अभियंता विभागानंही दक्षिणेतल्या नद्यांवर एकामागून एक धरणं बांधली. आर्कान्सामधल्या व्हाइट नदीवरच्या बुल शोल्स धरणाचं लोकार्पण १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी केलं. जॉर्जियात अटलांटा शहराच्या ईशान्येला चॅटाहूची नदीवर बफर्ड धरण झालं आणि १९५६ पासून तिथं पाणी साठू लागलं.

ही धरणं वीज, पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठा यांसाठी होती. माशांचा विचार फारसा नव्हता. पण खोल जलाशयात एक गोष्ट आपोआप घडते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि तळाचं पाणी थंडगार राहतं. टर्बाइनकडे जाणारे नळ बहुतेक ठिकाणी खालच्या थरातून पाणी घेतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात, जिथं नदी कोमट असायची, तिथं बर्फासारखं पाणी वाहू लागलं. कोमट पाण्यातले मूळचे मासे त्या पट्ट्यांतून हटले. त्यांची भरपाई म्हणून सरकारी मत्स्यबीज केंद्रं काढून ट्राउट सोडले गेले. ट्राउट हा थंड पाण्यातला, चवीला आणि झुंजीला नावाजलेला मासा. दक्षिणेतल्या त्या उष्ण प्रदेशात तो एरवी तगलाच नसता. धरणाखाली तो असा पोसला की आर्कान्सातल्या ग्रीअर्स फेरी धरणाच्या खाली १९९२ मध्ये ४० पौंड ४ औंसांचा, म्हणजे सव्वाअठरा किलोंचा ब्राउन ट्राउट गळाला लागला आणि तो पुढे अनेक वर्षं जागतिक विक्रम राहिला. हे धरण १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये केनेडी यांनी राष्ट्राला अर्पण केलं होतं, त्यांच्या हत्येच्या सात आठवडे आधी.

मग गळवाल्यांची रीघ लागली. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवायची, हातात लांब लवचिक काठी घ्यायची आणि प्रवाहाच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. काठावरून जिथं गळ पोहोचत नाही तिथं उभ्या माणसाचा गळ पोहोचतो. पण असं उभं केव्हा राहता येतं? टर्बाइन बंद असतात तेव्हाच. तेव्हा पाणी गुडघ्याएवढं असतं, तळाचे गोटे दिसतात, मासे ठरावीक डोहांत गोळा होतात. म्हणजे मासेमारीची सर्वांत उत्तम वेळ ही दोन विसर्गांच्या मधली वेळ असते. ज्या झडपेनं मासा दिला तीच झडप माणसाच्या जिवावर उठू शकते.

हे संकट कसं येतं ते नीट पाहायला हवं. वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. गुडघाभर पाण्यात आरामात उभा असलेला माणूस मांडीभर वेगवान पाण्यात पाऊल उचलू शकत नाही. उचललं की दुसरा पाय सरकतो. तळाचे गोटे शेवाळानं निसरडे असतात. ट्राउटला मानवणारं थंड पाणी माणसाच्या अंगाला मानवत नाही. बफर्डखाली ते उन्हाळ्यातही साधारण दहा अंशांच्या आसपास असतं. त्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास कोंडतो आणि थोड्याच वेळात हाताची बोटं ऐकेनाशी होतात. त्यातून रबरी विजारीत पाणी शिरलं तर उठणं आणखी कठीण.

सर्वांत फसवी असते ती मधली वाळूची किंवा गोट्यांची दांडी. माणूस उथळ बाजूनं चालत तिथं जातो आणि पलीकडच्या डोहाकडे तोंड करून उभा राहतो. पाणी वाढायला लागलं की आधी त्याच्या पाठीमागची, ज्या वाटेनं तो आला ती सखल पन्हळ भरते. तो उभा असतो ती जागा अजून कोरडीच असते. पायाला पाणी लागून तो मागं वळून पाहतो तेव्हा काठाची वाट बुडालेली असते. अशा बेटावर अडकलेल्या लोकांच्या सुटकेच्या कहाण्या अमेरिकेतल्या प्रत्येक धरणाखाली ऐकायला मिळतात. सुटका न झालेल्यांच्याही मिळतात.

वेळापत्रक हा दुसरा सापळा. धरणातून दोन वाजता पाणी सुटणार असं कळलं, तर धरणाच्या पायथ्याशी ते दोन वाजता येतं. पाच-सात किलोमीटर खाली ते तासाभरानं किंवा त्याहूनही उशिरा येईल. सराईत माणूस आपल्या जागेपुरतं हे गणित पाठ करून ठेवतो. नवखा माणूस अडीच वाजता पाहतो, पाणी वाढलेलं नाही, म्हणजे आज सोडलं नाही, असं समजून आणखी आत जातो. आणि वेळापत्रक तरी कायमचं कुठं असतं? दुसरीकडचं एखादं वीजघर बंद पडलं की याला आयत्या वेळी हाक येते.

म्हणून बफर्ड धरणाखाली एकाच्या जोडीला दुसरा असे अनेक उपाय उभे राहिले. पाणी सोडण्यापूर्वी वाजणारे भोंगे आले. काठावर पाट्या आल्या. दूरध्वनीवर दिवसाचं वेळापत्रक ऐकण्याची सोय झाली. आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, मध्यम लहरींवर १६१० किलोहर्ट्झवर एक छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. त्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत. धरणातून पाणी केव्हा सुटणार एवढंच ते सांगतं. नदीकडे निघालेला माणूस मोटारीतच ते ऐकू शकतो. धरणापासून पहिल्या महामार्ग पुलापर्यंतच्या पट्ट्यात तर पाण्यात असलेल्या प्रत्येकानं तरंगजाकीट घातलंच पाहिजे असा कायदा आहे. हातात ठेवलेलं नव्हे, अंगात घातलेलं. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीनं १९९१ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. धरणं बंद असतानाही नदीत किमान प्रवाह सोडत राहायचं धोरण तिनं स्वीकारलं. ते मुख्यतः माशांसाठी आणि पाण्यातल्या प्राणवायूसाठी होतं, पण वाहती राहिलेली नदी पूर्ण कोरड्या पात्रासारखी माणसाला फसवून आत बोलावत नाही, हाही त्याचा एक गुण.

एवढं करूनही तिथं माणसं बुडतात. भोंगा वाऱ्याच्या दिशेवर आणि नदीच्या खळखळाटावर अवलंबून असतो. वळणापलीकडे तो विरून जातो. आणि ज्याला भोंग्याचा अर्थ माहीत नाही त्याच्यासाठी तो कुठल्यातरी कारखान्याची पाळी सुटल्याचा आवाज असतो.

फ्रान्सनं हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोबल शहराजवळ द्राक नावाची नदी आहे. तिचं बरंचसं पाणी विजेसाठी वळवलेलं असल्यानं खालच्या पात्रात एरवी गोटे आणि थोडंसं पाणी एवढंच असे. ४ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेतली सात-आठ वर्षांची मुलं निसर्ग पाहायला त्या पात्रात उतरली होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं गेलं. सहा मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक प्रौढ व्यक्ती वाहून गेली. कोण दोषी, शाळा की वीज कंपनी, हा खटला वर्षानुवर्षं चालला. त्याबरोबरच एक साधी गोष्ट सगळ्या देशाला पटली. पाटी लावली म्हणजे निरोप पोहोचला असं होत नाही. मग फ्रान्सच्या वीज कंपनीनं पाट्या नव्यानं, चित्रांसह लावल्या आणि उन्हाळ्यात नदीकाठी फिरून लोकांशी बोलणारी तरुण मुलं नेमली. ही मुलं गळ टाकून बसलेल्याजवळ जातात, आंघोळीला आलेल्या कुटुंबाजवळ जातात आणि सांगतात की आभाळ निरभ्र असलं तरी इथलं पाणी कधीही वाढू शकतं. साधनं इतकी झाली तरी शेवटी माणसानं माणसाला सांगण्याचा उपाय त्यांना करावा लागला.

आता आपल्या देशाकडे येऊ. मध्य प्रदेशात नर्मदेवर इंदिरा सागर धरण झालं. एक हजार मेगावॉटचं त्याचं वीजघर २००५ च्या सुरुवातीला पूर्ण क्षमतेला पोहोचत होतं. त्याच वर्षी ७ एप्रिलला देवास जिल्ह्यात धाराजी इथं भूतडी अमावास्येच्या जत्रेला हजारोंचा समुदाय जमला होता. ही आपली फाल्गुनी अमावास्या, पाडव्याच्या अगोदरची. पिढ्यान् पिढ्या भाविक त्या दिवसांत नर्मदेच्या पात्रातल्या खडकांवर मुक्काम करत आले होते. उन्हाळा लागलेला, नदी उतरलेली, भीतीचं कारणच नव्हतं. रात्री वरून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं गेलं आणि खडकांवरची माणसं अंधारात वाहून गेली. मृतांचा आकडा साठाच्या वर गेला. जत्रा आहे हे जिल्ह्याला माहीत होतं. पाणी सुटणार हे धरणाला माहीत होतं. या दोन माहितींची गाठच पडली नव्हती. जत्रा शेकडो वर्षांची होती, वीजघर पुरतं दीड वर्षाचंही नव्हतं. पण नदीवर सत्ता आता वीजघराची होती, आणि हे भाविकांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

नऊ वर्षांनंतर, ८ जून २०१४ च्या संध्याकाळी, हिमाचल प्रदेशात बियास नदीवर तेच घडलं. लारजी हे नाव ट्राउट धरणाऱ्या हौशी लोकांना जुनं आहे. ब्रिटिश काळात हिमाचलच्या नद्यांत सोडलेला हा मासा तिथं चांगला रुजला. तिथंच १२६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. त्याच्या खालच्या अंगाला, थलौट गावाजवळ हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल थांबली होती. मुलं-मुली पात्रातल्या दगडांवर फोटो काढत होती. पाणी वाढलं. काही जण काठावर आले. चोवीस विद्यार्थी आणि सहलीबरोबरचा एक जण आला नाही. त्या क्षणांची चित्रफीत नंतर साऱ्या देशानं पाहिली. मुलं एकमेकांना धरून उभी आहेत आणि भोवती पाणी चढतं आहे.

इथं कारण उलट होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. विजेची मागणी वाढल्यामुळे पाणी सोडलं असं नाही. जाळ्यात वीज जास्त झाल्यानं निर्मिती कमी करायला सांगण्यात आलं. टर्बाइनमधून जाणारं पाणी थांबलं. लारजीचा जलाशय लहान, जूनमध्ये बर्फ वितळून नदी भरलेली. अडलेलं पाणी ठेवणार कुठं? दरवाजे उघडले गेले. म्हणजे वीज वाढली तरी खालचं पाणी वाढतं आणि वीज कमी केली तरी वाढू शकतं. काठावरच्या माणसाला हे तर्कानं ओळखता येणं अशक्यच. वाचलेल्या मुलांचं म्हणणं होतं की आपल्याला कसलाही इशारा ऐकू आला नाही. हिमाचलच्या उच्च न्यायालयानं या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबाला वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तिची जबाबदारी वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार अशी तिघांवर विभागली. त्या वाटणीत पुष्कळ काही आहे. पाणी सोडणाऱ्याची जबाबदारी आहे, मुलांना नदीवर नेणाऱ्याचीही आहे आणि काठाची राखण करणाऱ्या शासनाचीही आहे.

आणि महाराष्ट्र? देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत. पावसाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य रोज छापून येतं. अमुक धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, नदीपात्रात उतरू नये, जनावरे आणि मोटारी सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात. शेतकरी पंपाची मोटार काढायला धावतो, कारण तिची किंमत त्याला ठाऊक असते. पण क्युसेक म्हणजे काय ते कितीजणांना ठाऊक असतं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक पाणी सोडलं अशी बातमी आपण वाचतो. याचा अर्थ सेकंदाला जवळजवळ साठ हजार लिटर. टंचाईच्या गावाला जाणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे सहा टँकर दर सेकंदाला. आणि कोयनेच्या हिशेबात हा अगदी किरकोळ विसर्ग.

कोयनेची एक गंमत म्हणजे तिचं विजेसाठीचं बहुतेक पाणी पूर्वेला जातच नाही. वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं आणि वीज करून झाल्यावर अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळतं. म्हणून चिपळूणकडची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती असते. कोकणातल्या माणसाच्या नदीचं पाणी घाटमाथ्यापलीकडच्या धरणातून आणि राज्याच्या विजेच्या गरजेतून येतं. नदीची खूण ओळखायची तर आता इतक्या दूरवर पाहावं लागतं.

आपल्याकडे धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे चढणीचे मासे. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. धरणाची भिंत किंवा बंधारा आडवा आला की तिथंच थबकतात, गर्दी करतात. मग पाग, फेकजाळी, गळ घेऊन माणसंही तिथंच गर्दी करतात. बरोबर पोरंबाळं असतात. म्हणजे ज्या दिवसांत दरवाजे उघडायची शक्यता सर्वांत जास्त, त्याच दिवसांत दरवाजांच्या खाली माणसं सर्वांत जास्त. अमेरिकेतला हौशी गळवाला टर्बाइन बंद असताना उतरतो. आपल्याकडचा माणूस कालवणासाठी किंवा पोटासाठी, पाणी सुटण्याच्या ऐन मोसमात उतरतो. मासे धरू नका, एवढं सांगून हा प्रश्न सुटणारा नाही. ज्याच्या घरची चूल त्यावर पेटते त्याला ते सांगणं उद्धटपणाचं आहे. त्याला वेळ सांगा, खूण सांगा.

आणि पाण्यात उतरणाऱ्यानंही काही गोष्टी अंगी बाणवायला हव्यात. वर धरण आहे का, हे उतरण्याआधी गावात विचारावं. असेल तर आज पाणी सुटणार का हे विचारावं, आणि नाही असं उत्तर आलं तरी सुटेल असं धरूनच चालावं. पाण्याच्या कडेला एखादा दगड हेरून ठेवावा किंवा काठी रोवावी आणि दर थोड्या वेळानं तिच्याकडे पाहावं. खुणेवर दोन बोटं पाणी चढलं की मासा गळाला लागलेला असला तरी निघावं. जाळं नवं घेता येतं. मधल्या दांडीवर जायचं असेल तर परतीची वाट आपल्या जागेपेक्षा सखल आहे का, हे आधी पाहावं. सखल असेल तर जाऊ नये. वाहून येणारा पाचोळा, अचानक बदललेला पाण्याचा आवाज, काठाचे दगड एकाएकी ओले दिसणं या जुन्या खुणा काही ठिकाणी अजूनही मदत करतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. भोंगा वाजला तर थांबून विचार करायचा नाही, जवळच्या काठाकडे चालू लागायचं आणि उंचावर जायचं. भोंगा वाजला नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र कधीही काढायचा नाही.

रात्री पात्रात उतरू नये, झोपू तर मुळीच नये. धाराजी त्यासाठी लक्षात ठेवावी. कुणी वाहून जाताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नये. दोर, काठी, धोतर, साडी, रिकामा कॅन, जे हाती असेल ते फेकावं. स्वतः वाहू लागलो तर उभं राहण्याचा हट्ट करू नये, दगडात पाय अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं. पाठीवर पडून पाय पुढे धरावेत आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकावं.

पण सगळा भार पाण्यातल्या माणसावर टाकणं न्यायाचं नाही. २०२१ मध्ये संसदेनं धरण सुरक्षा कायदा केला. धरणाच्या मालकानं आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवला पाहिजे, पुराची सूचना देणारी यंत्रणा उभारली पाहिजे, असं तो सांगतो. चांगलंच आहे. तरी २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यानंतर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा वेळेवर निरोप मिळाला नाही हीच तक्रार रहिवाशांनी केली. दूरध्वनी, मोबाइल, दूरचित्रवाणी असलेल्या शहरातली ही तक्रार. मग आडगावातल्या बंधाऱ्याखाली पाग टाकणाऱ्याचं काय?

खरं तर उपाय अवघड नाहीत. एकदम सगळं पाणी न सोडता आधी थोडं सोडावं, म्हणजे पाणी स्वतःच निरोप देतं आणि माणसाला काठ गाठायला वेळ मिळतो. पाटीवर नुसतं ‘धोका’ असं लिहू नये. ऊन असलं तरी पाणी अचानक वाढेल, भोंगा वाजताच वर या, असं गावच्या बोलीत लिहावं आणि वाचता न येणाऱ्यासाठी चित्र काढावं. भोंग्याचा अर्थ शाळेत शिकवावा. जत्रा, उरूस, गणपती विसर्जन यांच्या तारखा धरणाच्या नियंत्रण कक्षात भिंतीवर लिहिलेल्या असाव्यात. गावच्या कोतवालाची दवंडी आज मागास वाटते, पण दवंडीत एक गुण होता. ऐकणारा समोर आहे हे पाहूनच ती दिली जाई.

धरणांनी आपल्याला वीज दिली, ऊस दिला, नळाचं पाणी दिलं. त्याबद्दल कृतघ्न होण्याचं कारण नाही. पण धरण बांधताना आपण नदीकडून एक काम काढून घेतलं. येण्याआधी सांगण्याचं काम. ते ज्यानं काढून घेतलं त्यानंच आता ते केलं पाहिजे. नियंत्रण कक्षात कळ दाबणाऱ्यानं खाली नदीत कुणीतरी उभं आहे असं धरूनच हात पुढे करावा. आणि नदीत उभ्या असलेल्यानं वर कुणीतरी कळ दाबतो आहे असं धरूनच पाऊल आत टाकावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)